श्वसन : २०

विद्यापीठातील संशोधनाच्या कामावर रुजू झाल्यानंतर पहिला महिनाभर मी कोणतेही यंत्र पाहिले नाही. मिरजेतील एका रुग्णालयाच्या नोंदविभागात बसून मी फक्त जुने केस पेपर वाचले. टीपीआर चार्टवर ताप, नाडी आणि श्वसन यांचे रकाने असतात हे प्रत्येक नर्सला ठाऊक असते. पण शेकडो चार्ट एकाखाली एक ठेवून वाचण्याची वेळ वॉर्डात काम करणाऱ्या माणसावर कधी येत नाही, आणि म्हणूनच नऊ वर्षे वॉर्डात काढूनही जे मला दिसले नव्हते ते त्या महिन्यात दिसले. ताप बदलत होता, नाडी बदलत होती, रक्तदाब वर-खाली होत होता. श्वसनाच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी २० होते. सकाळी २०, संध्याकाळी २०, रात्री २०. न्यूमोनियाच्या रुग्णाला २० आणि हर्नियाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी घरी निघालेल्यालाही २०. क्वचित कुठे १८ होते, तेवढाच काय तो बदल.

मी पूर्वी नोकरी केली ते रुग्णालय हे नव्हे. पण तिथले चार्ट काढले असते तर माझ्या हस्ताक्षरातले २० सापडले असते, याबद्दल मला शंका नाही. नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेला चिमटा सांगतो, रक्तदाब मशीन सांगते. श्वास मात्र रुग्णाच्या छातीकडे पाहत, त्याला कळू न देता, पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एका सिस्टरच्या अंगावर असतो, तेव्हा ते मिनिट कुठून काढायचे हा प्रश्न आळसाचा नाही, हिशेबाचा आहे. ही खोड आपल्याकडचीच आहे असेही नाही. परदेशांतील अभ्यासांतही श्वसनाच्या नोंदी १८ आणि २० या आकड्यांभोवती अशाच गोळा झालेल्या आढळल्या आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की, रुग्णालयांतील परिचर्येसाठी येऊ घातलेल्या एआय साधनांचे मूल्यमापन करणे हे माझे काम आहे, आणि ती साधने हेच आकडे खाऊन जगतात.

माझे पद संशोधन सहयोगीचे आहे, करार वर्षावर्षाने वाढतो. गटात एक संख्याशास्त्रज्ञ, एक संगणक अभियंता आणि दोन डॉक्टर आहेत. नर्स मी एकटी. आम्ही साधने बनवत नाही. इतरांनी बनवलेली साधने आपल्या वॉर्डांत, आपल्या रुग्णांवर आणि आपल्या सिस्टरांच्या हातांत सांगितल्याप्रमाणे चालतात की नाही, एवढेच आम्ही पाहतो. मुलाखतीत मला विचारले गेले होते की, सॉफ्टवेअरने रुग्ण ठीक आहे असे सांगितले आणि तुम्हाला तसे वाटत नसेल, तर तुम्ही काय कराल. मी म्हणाले, रुग्णाजवळ जाईन. त्यावर पुढचा प्रश्न आला, ‘आणि नोंदीत काय लिहाल?’ त्याचे उत्तर मला देता आले नाही. तरीही त्यांनी मला घेतले, आणि तो प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

घरी हे काम समजावून सांगणे सुरुवातीला अवघड गेले. सासूबाईंचे सारे आयुष्य सांगलीच्या गावभागात गेले आहे आणि २०१९ च्या पुरात त्यांनी पहिला मजला सोडून दुसऱ्या मजल्यावर आठवडा काढला होता. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की आमच्याकडे ‘आयर्विनला किती झालं?’, म्हणजे आयर्विन पुलावरच्या पट्टीवर पाणी किती फुटांवर आले, हा एकच प्रश्न दिवसभर चालतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते, आणि २०१९ मध्ये ते पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. मी त्यांना म्हणाले, माणसाच्या शरीरातही असे पाणी चढत असते, ते किती चढले हे सांगणारी पट्टी बरोबर आहे का, ते मी बघते. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, ‘अगं पण पट्टी पुलाला बसवलेली असती. तुमची पट्टी कोण वाचतंय?’ आमच्या गटातील पहिल्या दोन बैठका याच प्रश्नावर झाल्या होत्या, फक्त त्यासाठी आम्ही बरेच जड शब्द वापरले होते.

पट्टीचे उदाहरण घ्यायचे तर ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) ही रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याचा इशारा देणारी पद्धत घ्यावी. (वॉर्डात ‘न्यूज किती?’ असे विचारले की नातेवाईक घाबरून बातमी काय म्हणून विचारतात, म्हणून आम्ही आता ‘स्कोअर’ म्हणतो.) श्वसन, रक्तातील ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था आणि तापमान या सहा गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी २ मिळवायचे, आणि बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचे, ७ झाली की ती आणीबाणी समजायची. श्वसन मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर २, आणि २५ किंवा अधिक असेल तर ३. आता असा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा की ज्याचा ताप १०१ आहे, नाडी १०४, ऑक्सिजन ९५, रक्तदाब ठीक आहे आणि तो शुद्धीवर आहे. ताप, नाडी आणि ऑक्सिजन यांचा प्रत्येकी १ गुण धरून बेरीज ३ होते. त्याचा श्वास प्रत्यक्षात २६ असेल आणि चार्टवर २० लिहिला असेल तर बेरीज ३ वरच थांबते. २६ लिहिला असता तर ती ६ झाली असती आणि डॉक्टरांना फोन गेला असता. एका रकान्यातील सवयीच्या आकड्याने इशाऱ्याची रेषा अशी गिळून टाकली.

हा हिशेब कागदावर हाताने मांडता येतो, म्हणून तो निदान दिसतो तरी. एआय साधने याच गोष्टींसोबत वय, रक्ताचे अहवाल, आदल्या दिवसाच्या तुलनेत झालेला बदल असे पुष्कळ काही एकत्र करून एक आकडा देतात, आणि त्या आकड्यात कशाचा वाटा किती हे सिस्टरला दिसत नाही. ज्या रुग्णालयात श्वास नीट मोजला जातो तिथल्या नोंदींवर शिकलेले यंत्र आपल्या वॉर्डात आणले, तर त्याला आपले २० म्हणजे शांत झोपलेला रुग्ण वाटतो. उलट आपल्याच नोंदींवर त्याला शिकवले, तर श्वास कधी बदलतच नाही, म्हणून त्याकडे पाहायचे कारण नाही, असे ते शिकते. यांपैकी दुसरी गोष्ट मला अधिक भीतिदायक वाटते, कारण ‘स्थानिक नोंदींवर तयार केलेले’ हे शब्द विक्रीच्या पत्रकात फार आश्वासक दिसतात.

आकड्यांइतकाच घोळ वेळेचा आहे. संगणकावर नोंद होते तेव्हा यंत्र तीच वेळ खरी मानते. वॉर्डातील प्रत्यक्ष रीत अशी की सिस्टर राऊंड घेताना आकडे औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर किंवा सरळ तळहातावर लिहून घेते, मग इंजेक्शने देते, सलाईन बदलते, कुणाच्या नातेवाइकाला रक्तपेढीत पाठवते आणि या सगळ्यातून मोकळी झाल्यावर संगणकाशी बसून एकदम सगळ्यांच्या नोंदी भरते. दोन वाजता घेतलेली नाडी चार वाजताची होऊन यंत्राकडे जाते. नदीचे पाणी तासाला किती चढते यावर सगळा अंदाज अवलंबून असावा आणि पट्टी वाचणाऱ्याने घड्याळच चुकीचे लिहावे, तसे हे होते. आम्ही काही दिवस वॉर्डात उभे राहून मोजण्याची वेळ आणि नोंदवण्याची वेळ यांतील अंतर टिपले. त्याचे आकडे अहवालात येतील, इथे ते देणे योग्य नाही. पण आमच्या संगणक अभियंत्याचा चेहरा ते पाहून पडला होता, एवढे सांगते.

कंपनीने आपल्या साधनाबद्दल दिलेले आकडे आणि बाहेरच्या माणसाने तपासल्यावर निघालेले आकडे यांत किती अंतर असू शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले आहे. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे; ते वेळेआधी ओळखणारे एपिक या कंपनीचे साधन तिथल्या शेकडो रुग्णालयांत बसवलेले होते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्या रुग्णांवर तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाणेफेकीला ०.५ आणि निर्दोष साधनाला १ अशा मापावर कंपनी ०.७६ ते ०.८३ सांगत होती, संशोधकांना ०.६३ मिळाले. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण साधनाच्या हातून निसटले होते आणि तरीही रुग्णालयातील १८ टक्के रुग्णांबद्दल त्याने घंटा वाजवली होती. आमच्या कामाची गरज कुणी विचारली की मी हेच उदाहरण देते, कारण ते साधन कुणी फसवण्यासाठी बनवलेले नव्हते. ते फक्त दुसऱ्या वॉर्डात गेले होते.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मी एक गणित आधी सोडवायला लावते. समजा, वॉर्डातील १,००० रुग्णांपैकी २० जणांची प्रकृती अचानक ढासळणार आहे. साधन अशा १०० पैकी ८० जणांना पकडते, आणि जे ठीक आहेत त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांबद्दल गप्प राहते. ऐकायला हे उत्तम वाटते. आता मोजा : २० पैकी १६ पकडले, उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांबद्दल विनाकारण घंटा वाजली. एकूण ११४ घंटा, त्यांतल्या खऱ्या १६. म्हणजे सिस्टर सात वेळा धावली तर एकदा तिचे धावणे सार्थकी लागले. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण त्या गोष्टीतला मुलगा निदान मुद्दाम खोटे ओरडत होता. हे साधन प्रामाणिकपणे ओरडते आणि तरीही चौथ्या दिवशी सिस्टर त्याचा आवाज बंद करते. तिला दोष देणारा अहवाल लिहिणे सोपे आहे. मी तो लिहिणार नाही.

साधन प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी आम्ही एक मूक टप्पा ठेवतो. त्यात साधन चालू असते, त्याचे अंदाज साठवले जातात, पण ते कुणालाच दाखवले जात नाहीत. रुग्णाची नेहमीची शुश्रूषा नेहमीसारखीच होते आणि नंतर दोन्हींची तुलना होते. नीतिमत्ता समितीपुढे हा आराखडा मांडला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की, यंत्राने रात्री दोन वाजता धोका दाखवला, तुम्ही तो लपवला आणि रुग्ण दगावला, तर त्याच्या घरच्यांना तुम्ही काय सांगाल. त्याला उत्तर असे होते की तो धोका खरा की खोटा हेच अद्याप ठाऊक नाही, खोट्या धोक्यावर उपचार केल्यानेही माणसे दगावतात, आणि म्हणून रुग्ण घरी जाईपर्यंत ते अंदाज आम्हालाही उघडता येणार नाहीत अशी व्यवस्था केली आहे. हे उत्तर बरोबर आहे आणि समितीने ते मान्यही केले. पण रात्री घरी येताना विश्रामबागच्या सिग्नलला थांबले असताना मला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला, आणि तो अजूनही अधूनमधून येतो.

त्यात माझ्याबाबतीत एक वेगळी अडचण होती. साधनाला मिळणाऱ्या नोंदी किती खऱ्या आहेत हे ठरवण्यासाठी कुणीतरी स्वतंत्रपणे मोजमाप करायला हवे, आणि ते काम माझ्याकडे आले. म्हणजे एआयवरच्या संशोधनातील माझ्या वेळेचा मोठा भाग हातात सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन लोकांचे श्वास मोजण्यात जातो. एके दिवशी एका खाटेशी मोजता मोजता ३० भरले. संशोधक म्हणून मी तो आकडा वहीत लिहून पुढच्या खाटेकडे जायचे होते. मी घड्याळ खिशात टाकले आणि सिस्टरला हाक मारली. आराखड्यात अशा प्रसंगासाठी तरतूद होती, त्यामुळे नियम मोडला असे झाले नाही. पण त्या रुग्णाची नोंद अभ्यासातून वगळावी लागली आणि आमचे संख्याशास्त्रज्ञ पुढचे दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलले. त्यांचे म्हणणे असे की ज्या रुग्णांवर साधनाची खरी परीक्षा व्हायची, नेमके तेच रुग्ण मी अभ्यासातून बाहेर काढते. त्यांचे हे म्हणणे चुकीचे नाही, आणि मी पुन्हा तसेच करणार आहे.

आतापर्यंत लिहिले ते प्रकृती ढासळण्याचा इशारा देणाऱ्या साधनाबद्दल. दुसरे साधन दाबामुळे होणाऱ्या जखमांचे, म्हणजे बेडसोरचे छायाचित्र पाहून त्याची पायरी सांगणारे आहे. यावर मी थोडक्यात लिहिते, कारण ते काम अजून प्राथमिक अवस्थेत आहे. बेडसोरची शक्यता मोजण्यासाठी १९८७ पासून ब्रेडन मापनश्रेणी वापरात आहे आणि ती आपल्या महाविद्यालयांत शिकवलीही जाते. पण जखम सुरू झाली आहे हे ओळखण्याची पहिली खूण म्हणून पुस्तकात जी लाली दिली आहे, ती सावळ्या कातडीवर दिसत नाही. आमच्या ज्येष्ठ सिस्टर बोटांच्या मागच्या बाजूने माकडहाडाजवळची त्वचा चाचपून ऊब आणि कडकपणा पाहत, आणि आम्हालाही तसेच शिकवत. छायाचित्राला बोटे नसतात. २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले होते की बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा कृष्णवर्णीय रुग्णांतील ऑक्सिजनची कमतरता जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. ते आकडे आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण कातडीचा रंग ही मापनातली बाब आहे, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

तिसऱ्या साधनावर मात्र मला थांबावेसे वाटते. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेची हकीकत सांगते, त्याला आपण ओव्हर देणे म्हणतो. ते बोलणे ऐकून त्याचा नीटनेटका सारांश तयार करणारे हे साधन आहे. मिरजेच्या वॉर्डातील ओव्हर एका भाषेत होत नाही. औषधांची नावे आणि तपासण्या इंग्रजीत, बाकी सारे मराठीत, आणि जत, अथणी किंवा चिकोडीकडचा रुग्ण असेल तर त्याने सांगितलेले एखादे कानडी वाक्य तसेच. आम्ही खऱ्या रुग्णांची माहिती न वापरता सिस्टरांकडून काही काल्पनिक ओव्हर बोलून घेतले. त्यांतले एक वाक्य असे होते : ‘बारा नंबरच्या आजोबांना सकाळपासून लघवी नाही, पोट फुगलंय, सर्जनना कॉल दिलाय, अजून कोण आलं नाही.’ साधनाने सारांश दिला की बारा क्रमांकाच्या रुग्णाला लघवीची तक्रार नाही, पोट फुगले आहे आणि सर्जनांना दाखवले आहे. वाक्य शुद्ध होते, विरामचिन्हे जागच्या जागी होती, आणि ते वाचून येणारी सिस्टर निर्धास्त झाली असती.

मराठीतील ‘नाही’ हा शब्द किती बाजूंनी वाचता येतो, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. ‘लघवी नाही’ यात तक्रार आहे. ‘ताप नाही’ यात दिलासा आहे. दोन्ही वाक्यांची बांधणी एकच, आणि फरक करायचा तो शरीर माहीत असलेल्या माणसाने. इंग्रजी बोलण्यातही अशी साधने घसरतात. ओपनएआयच्या व्हिस्पर या साधनावरील २०२४ च्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या लेखी रूपात कुणीही न बोललेली वाक्ये आढळली, आणि अशा वाक्यांपैकी ३८ टक्के उघडउघड अपाय करू शकणारी होती. बोलण्यात लांब विराम आला की ही कल्पित वाक्ये वाढतात, आणि ओव्हर देताना मध्येच कुणी ‘सिस्टर, जरा बघा की’ म्हणून हाक मारली नाही अशी पाच मिनिटे तरी कुठे जातात? म्हणून आम्ही शब्दांच्या चुका मोजणे सोडून दिले. शंभरात किती शब्द बरोबर आले हे मोजायचे ठरवले तर वरचा सारांश चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतो. आता दोन अनुभवी सिस्टर स्वतंत्रपणे सारांश वाचतात आणि यावर विसंबून पुढच्या पाळीत काय चुकेल, एवढेच लिहितात.

सिस्टरांना साधन वापरताना किती ताण येतो हे मोजण्यासाठी जी प्रश्नावली जगभर वापरतात, ती मुळात नासाने वैमानिकांच्या कामाचा भार मोजण्यासाठी १९८० च्या दशकात तयार केलेली आहे. तिच्यात सहा प्रश्न आहेत आणि त्यांचे मराठी करणे हे माझ्याकडे आलेले सर्वांत आनंदाचे काम होते. आधी एकाने मराठी करायचे, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे, अशी रीत असते. शेवटच्या प्रश्नासाठी अनुवादकांनी ‘नैराश्य’ हा शब्द योजला होता. सिस्टरांना तो दाखवला तेव्हा एक जण म्हणाली, ‘नैराश्य आलं तर मी रजा टाकीन की मॅडम, मला वैताग येतोय.’ तिथे ‘वैताग’ लिहिले. पहिल्या प्रश्नातील ‘मानसिक श्रम’ असेच ‘डोक्याला ताण’ झाले. संख्याशास्त्रज्ञांनी या शब्दांना शास्त्रीय आधार मागितला. उलट अनुवाद केला तेव्हा ‘वैताग’चे इंग्रजी मूळ शब्दावर अचूक आले, आणि त्यांनी सही केली.

सुरुवातीला सिस्टर आमच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या आणि त्याचे कारण आम्हाला उशिरा कळले. संगणकावरील प्रत्येक नोंदीसोबत ती कुणी आणि किती वाजता केली याचा माग राहतो. वेळेचे अंतर मोजण्यासाठी आम्ही तो वापरत होतो आणि त्यात सिस्टरांची नावे काढून टाकलेली होती. एका ठिकाणी व्यवस्थापनातील एका अधिकाऱ्यांनी आम्हाला सहज विचारावे तसे विचारले की उशिरा नोंदी करणाऱ्यांची यादी मिळेल का. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रातील एआयसाठी २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत आणि आमची परवानगी ठरावीक हेतूपुरती आहे, असे सांगून आम्ही नकार दिला. नकार देणे सोपे होते. पण आम्हाला तो प्रश्न विचारला गेला ही बातमी वॉर्डात दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत पोहोचली होती, आणि विश्वास परत मिळवायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत श्वसनाचे आकडे एकाएकी बदलू लागले होते. १९, २१, २२. ते मोजलेले होते की बदलून लिहिलेले, हे मी माझ्या घड्याळाने तपासले. काही मोजलेले होते.

या कामात मला सर्वाधिक विचार करायला लावणारे संशोधन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेले आहे. त्या साधनाचे नाव ‘कन्सर्न’, म्हणजे काळजी. ते नाडी किंवा रक्तदाबाच्या आकड्यांपेक्षा नर्सच्या वागण्याकडे पाहते : तिने ठरलेल्या वेळेखेरीज मध्येच पुन्हा तपासले का, रात्री नोंदी वाढल्या का, शेरा लिहिला का. काळजी वाटू लागलेली नर्स अधिक वेळा रुग्णाजवळ जाते आणि अधिक लिहिते, हा त्यामागचा विचार आहे. ७४ वॉर्डांतील ६० हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे साधन वापरले तिथे मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी आणि रुग्णालयातील मुक्काम ११.२ टक्क्यांनी कमी झाला. नर्सच्या अंतःप्रेरणेला आकड्यांत इतका मान मिळालेला मी प्रथमच पाहिला आणि तो निबंध मी आमच्या मेट्रनना छापून दिला.

त्यांनी तो वाचून परत केला तेव्हा एकच वाक्य बोलल्या. ‘आपल्याकडं पेशंट बिघडला की नोंदी वाढत नाहीत, थांबतात.’ मी मागे जाऊन पाहिले, आणि खरोखर तसेच होते. रुग्ण ढासळू लागला की सिस्टर त्याच्या उशाशी असते. लिहायला दुसरे कुणी नसते, आणि चार्टवर त्या तासांत मोकळी जागा असते, जी नंतर, सारे शांत झाल्यावर, एकाच शाईने भरली जाते. तिकडच्या यंत्राला काळजी जिथे दाट लिखाणात दिसते, तिथे आमच्याकडे ती कोऱ्या कागदात आहे. तेच यंत्र जसेच्या तसे इथे आणले तर सर्वांत गंभीर रुग्णाच्या वेळी त्याला वाटेल की कुणालाच काही काळजी नाही.

नेदरलँड्समध्ये नर्सला वाटणारी काळजी नऊ खुणांत मांडणारी एक सूची तयार झालेली आहे. श्वासातील बदल, अस्वस्थता, रुग्णाने स्वतः बरे वाटत नाही असे सांगणे, अशा खुणा तिच्यात आहेत, आणि नेमके कारण सांगता न येणारी नर्सची जाणीव हीदेखील एक खूण आहे. त्यावरून आम्ही सिस्टरांनी भरायच्या आमच्या नोंदीच्या अर्जात एक छोटा रकाना घालायचे ठरवले. त्याला नाव काय द्यायचे यावर सिस्टरांची बैठक दीड तास चालली. मला ‘काळजी वाटते’ हवे होते. एका इनचार्ज सिस्टरनी तिथल्या तिथे ते खोडले. त्यांचे म्हणणे असे की काळजी वाटते असे लिहिले की डॉक्टर विचारतात, का वाटते, आणि सांगता आले नाही तर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात. ‘लक्ष ठेवावे’ असे लिहिले की कुणी काही विचारत नाही. मला तर कुणीतरी विचारावे असेच वाटत होते, आणि ते मी बोलूनही दाखवले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘तुम्ही आता ड्युटीला नाही, मॅडम.’

अर्ज ‘लक्ष ठेवावे’ या नावाने छापून आले. खाली वेळ लिहायला जागा आहे, सहीची सक्ती नाही. पहिल्या आठवड्यात तो रकाना बहुतेक रिकामाच परत आला. एका अर्जावर तो भरलेला होता : पहाटे ३.१०, लक्ष ठेवावे, आणि त्यापुढे कंसात बारीक अक्षरात ‘चेहरा बरा दिसत नाही’. त्याच ओळीत श्वसनाच्या रकान्यात २० होते. या दोहोंपैकी यंत्राला काय द्यायचे, यावर येत्या गुरुवारी आमची बैठक आहे.